पोळ्याच्या छायाचित्रातील चीर

माझ्यासारख्याने अद्भुत अनुभवांच्या या सदरात लेखणी उचलावी हे धारिष्ट्यच आहे, आणि त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. बत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. पण स्वतःचे असे चार परिच्छेद कधी छापायला दिले नाहीत. शिवाय अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. येथील अनुभव वाचताना मी मनातल्या मनात लेखकांच्या तर्कदोषांची मोजणी करीत असे. आज ती मोजणी माझ्यावर उलटली आहे.

मी अमरावतीत राहतो. निवृत्तीनंतर, चौसष्टाव्या वर्षी, संगणक शिकलो. माझी मुलगी मेघा अकोल्याला असते. तिने तिचा जुना डेस्कटॉप मला दिला आणि त्यावर लिनक्स ही प्रणाली घालून दिली. टर्मिनलमध्ये आज्ञा लिहायची आणि यंत्राने ती अक्षरशः पाळायची — व्याकरणाच्या माणसाला हे फार आवडले.

पडद्यावर पार्श्वभूमी म्हणून मी गेल्या वर्षीच्या पोळ्याचे छायाचित्र लावले होते. चांदूर बाजारजवळ आमचे गाव आहे. छायाचित्रात मध्यभागी माझा धाकटा भाऊ वासू, तोरणाखाली, उजव्या मनगटाला बैलांचा कासरा गुंडाळून उभा. त्याच्या उजवीकडे मखर बांधलेली मानाची जोडी. मागे आमचा चुलतभाऊ नामदेव. आणि डाव्या कडेला मी, ओठ मिटून, छायाचित्रात यावे की नाही अशा संभ्रमात.

तोरणाखालून पहिली जोडी नेण्याचा मान आमच्या दोन घरांत आलटून पालटून असतो. यंदा पाळी नामदेवची होती. पण पावसाळ्याच्या तोंडी त्याचे दोन्ही बैल आठवड्याच्या अंतराने रोगाने गेले, आणि त्याने पोळ्यापुरती भाड्याची जोडी ठरवली. भाड्याच्या बैलांना मान देता येतो का, असा वाद गावात उठला. शिकलेला आणि वडीलधारा म्हणून निर्णय माझ्याकडे आला. मी तो लिहून पाठवला. मान हा घरच्या बैलांचा, त्यांनी वर्षभर ओढलेल्या जुवाचा आहे; सबब यंदाही वासूचीच जोडी पुढे जावी. चार वाक्ये होती. त्यांची रचना मला निर्दोष वाटली होती, हे लिहिताना लाज वाटते.

नामदेवचा फोन आला.

"दादा, हे काहून लिहून पाठवलं तुमी? बैल माहे मेले, मी नाही मेलो."

मी नियम समजावू लागलो. त्याने ऐकून घेतले, मग शांतपणे म्हणाला, "तुमी शिकलेले लोक लय सोज्वळ मारता माणसाले. आमाले तसं जमत नाही. आमी कुऱ्हाडीनं मारतो." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला, तर छायाचित्र फाटलेले होते. वासूच्या उजव्या कोपराखाली चार बोटांवर एक आडवी चीर होती आणि तिच्या खालचा हात, कासऱ्यासकट, बैलांच्या दिशेला किंचित सरकला होता. बाकी पडदा स्वच्छ होता. अशा बिघाडांविषयी मी वाचले होते. मेघाला फोन केला.

"बाबा, पडद्याचा स्क्रीनशॉट काढा. त्यात चीर दिसली तर सॉफ्टवेअर. नाही दिसली तर वायर नाही तर मॉनिटर."

स्क्रीनशॉट अखंड आला. वायर बदलली. चीर तशीच. शेजाऱ्यांचा मॉनिटर आणून जोडला. त्यावरही तीच. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, खिडक्यांचे दृश्यपरिणाम बंद केले, शेवटी पेन ड्राइव्हवरून कोरी प्रणाली सुरू करून त्यात तेवढे एक छायाचित्र उघडले, तरी चीर होतीच. इतर सगळी छायाचित्रे ठीक होती. याच्यात मात्र हात रोज थोडा अधिक दूर जात होता.

"चष्म्याचा नंबर तपासला का, बाबा?" मेघा हसून म्हणाली.

मी मोबाइलने पडद्याचा फोटो काढून तिला पाठवला. थोड्या वेळाने तिचाच फोन आला. ती हसत नव्हती.

"हे असं होऊच शकत नाही, बाबा. वासूकाकाले सांगा जरा सांभाळून राह्यजो म्हणा."

मी वासूला फोन केला. पण संगणकाचे सांगायला धजलो नाही. हसेल, असे वाटले. एवढेच म्हणालो, "यंदा मान नामदेवला देऊन टाक."

"निकाल तूच देला ना दादा? आता साऱ्या गावात सांगून झालं, अन् मी मागं फिरू?"

पोळ्याच्या दिवशी सकाळच्या एसटीने मी गावाला गेलो. दुपार कलल्यावर बैल तोरणाकडे निघाले. तोरणाचे खांब ऐनवेळी कुऱ्हाडीने तासून पुरले होते. ती कुऱ्हाड खांबाशीच टेकवून ठेवलेली होती. मी ती पाहिली. उचलून दूर ठेवावी असे मनात आले... पण लोकांसमोर एक म्हातारा मास्तर कुऱ्हाड घेऊन चालला आहे, हे दृश्य मला संकोचाचे वाटले.

वासूची जोडी पुढे होती. नामदेव भाड्याच्या बैलांसह मागे, खाली मान घालून उभा होता. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "नामदेवभाऊ, भाड्याच्या बैलाचं मीटर चालून राहिलं ना? घ्या लवकर."

लोक हसले. वासूही हसला.

नामदेवने कुऱ्हाड उचलली आणि पहिला घाव खांबावर घातला. तोरण बैलांच्या शिंगांवर कोसळले. घुंगरांचा एकच कल्लोळ झाला, बैल उधळले, माणसे एकमेकांवर पडली. वासू कासरा आवळून, नामदेवकडे पाठ करून जोडीला आवरत होता. नामदेव दोन पावलांत त्याच्या मागे पोचला. दोन्ही हातांनी कुऱ्हाड वर गेली.

मी ओरडलो, "वासू..." आयुष्यात एवढा आवाज माझ्या गळ्यातून कधी निघाला नव्हता.

तो वळला. त्याने उजवा हात वर केला. घाव कोपराखाली बसला, लाकूड फुटावे तसा आवाज आला. मनगटाला गुंडाळलेला कासरा बैलांनी ओढला, आणि हात कासऱ्याबरोबर गेला. दहा-बारा पावले तो हात काळ्या चिखलातून फरफटत गेला, मग बैल थांबले. वासू उभाच होता. जिथे हात नव्हता तिकडे पाहत म्हणाला, "दादा, बैल धर."

मी बैल धरले.

अमरावतीच्या दवाखान्यात वासू वाचला. हात जोडता आला नाही. नामदेवला मी पोलीस ठाण्यात भेटलो. त्याने काहीच लपवले नाही. "मी मानेवर मारली होती दादा," तो म्हणाला. "तुमी आवाज देला, तो फिरला, म्हणून हातावर निभावलं."

हे मी वासूला सांगितले. "त्याले काय मालूम," तो म्हणाला. "बैलानं हिसका देला होता. मी त्यायच्यासंगं पुढं निंगालोच होतो. घाव मातीत पडला असता. तुह्या आवाजानं थांबलो मी."

दोघेही खोटे बोलणारे नाहीत.

घरी परतल्यावर संगणक सुरू केला. छायाचित्र अखंड होते. मेघा अकोल्याहून येऊन सगळी यंत्रणा तपासून गेली. तिला काही सापडले नाही. मोबाइलमधला फोटो मात्र माझ्याकडे आणि तिच्याकडे तसाच आहे. परवा मी तो प्रथमच मोठा करून पाहिला. इतके दिवस मी फक्त हाताकडेच पाहत होतो. डाव्या कडेला जिथे मी उभा आहे, तिथेही चित्र थोडे विस्कटले आहे. मूळ छायाचित्रात माझे ओठ मिटलेले आहेत. यात तोंड पूर्ण उघडे आहे.

मेघा म्हणते, तोंड उघडे दिसणे हा निव्वळ मोबाइलच्या कॅमेऱ्याचा दोष. असेल. माझ्याकडे याचे स्पष्टीकरण नाही. निर्णय मी लिहिला, कुऱ्हाड मी पाहिली, संगणकाचे सांगायला मी लाजलो... एवढे सगळे माझे आहे, ते नाकारत नाही. पण हाकेचा निवाडा मला करता येत नाही, म्हणून तो आपणांकडे सोपवतो.

माझ्या जागी आपण असता, तर हाक मारली असती का?