भासऱ्यांच्या डोक्यावरची खोली

माझं शुद्धलेखन चौथीपाशीच थांबलं आणि अक्षर उसवलेल्या शिलाईसारखं आहे. या वहीनं मला माफ करावं. दुसरं कोणी वाचणार नाही.

अकोल्यात जठारपेठेमागं आमची एकाला एक चिकटलेली घरं. एकाच आढ्याखाली अर्ध्यात आम्ही, अर्ध्यात भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ. मधोमध, दोन्ही घरांच्या थोड्या थोड्या भागावर मिळून एक बुटका माळा. त्यात फुटका कूलर आणि उंदीर. मी ब्लाउज शिवते. मशीन बैठकीत, आणि बैठकीत दिवसभर पुरुष. माप द्यायला आलेली बाई नुसता चहा पिऊन परत जायची. म्हणून बचत गटाचं कर्ज काढून माळ्याची खोली करायचं ठरवलं.

मिस्त्रीनं छपराचे कवेलू उतरवले, भिंती तीन फूट उचलल्या, टिनं टाकली, बाहेरून लोखंडी जिना लावला. तोवर भासरे गप्प होते, कारण त्यांच्याही घरावर फुकटात नवं टिन पडत होतं. मी मशीन वर नेली, त्या दिवशी त्यांना रीत आठवली.

यांना म्हणाले, "लहान भावाची बायको माह्या डोक्शावर चालन?"

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, पलंग सरकवा ना तिकडं."

"बापाच्या जाग्यावरून? पलंग नाई हालत!"

मी त्यांच्यापुढं कधी बोललेली नाही. रीत हलली नाही, पलंग हलला नाही; माझी मशीन तेवढी हलली, पुन्हा बैठकीत. खोलीला कुलूप लागलं आणि हप्ता सुरू झाला.

दुसऱ्या हप्त्यासाठी मी कानातले विकायला काढले. ते जाऊबाईंनी, भासऱ्यांच्या बायकोनं, पाहिलं. त्यांनी माझ्याकडून किल्ली घेतली, जिना चढल्या आणि खोलीभर धपधप चालू लागल्या.

खालून भासरे ओरडले, "कोन व्हय वर?"

"मी व्हय, तुमची बायको. तुमच्या डोक्शावर चालून राहिली."

"काऊन पन?"

"माप द्याचं हाय ब्लाउजचं. तीस वर्सं तुमी माह्या डोक्शावर बसले, मी काई बोलली? ए धाकटे, आन मशीन वर!"

स्वतःच्या बायकोविरुद्धची रीत भासऱ्यांना सापडली नाही. दुपारी पलंग दुसऱ्या भिंतीला गेला. वास्तूसाठी, असं ते सगळ्यांना सांगतात.

लग्नसराईत बायका जिन्यावर रांगेत बसायच्या. टिनाखाली मीच भाजून निघाले, पण एकही हप्ता चुकला नाही. गेल्या सोमवारी गटात शेवटचा भरला. कर्ज पूर्ण फिटलं.