लाइलचा नियम

माझा मेहुणा लाइल ब्रँडव्होल्ड अत्यंत प्रामाणिक आहे. एल्म फॉल्समध्ये हे एखाद्याला माहीत नसेल, तर लाइलने त्याला अजून गाठलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्याने सगळी नोकरी काढली. बेअरिंग घ्यायला आलेल्या शेतकऱ्यालाही आधी लाइलचा नियम ऐकावा लागे. तो बिचारा यंत्र शेतात अडकलेलं टाकून धावत आलेला, आणि हा त्याला समजावतोय की तळघरात मेलेला माणूस मेलेलाच राहू द्यावा.

तळघर म्हणजे गेममधलं. त्या गेमचं नाव मी घेणार नाही. डार्ला माझी धाकटी बहीण, लाइलची बायको. तिच्या घरी जेवायला गेलं की दर वेळी ते नाव ऐकून मला वीट आलाय. जुन्या कॉम्प्युटरवरचा, हिरव्या रेघांचा गेम. सहा जण तयार करायचे, त्यांना नावं द्यायची, तिघं पुढे मार खायला, तिघं मागे, आणि जमिनीखाली एकेक मजला उतरत जायचं. अगदी खाली एक जादूगार बसलाय, त्याला मारलं की संपलं. दर गुरुवारी मिशीवाले बाप्ये लाइलच्या घराच्या खऱ्या तळघरात बसून त्या खोट्या तळघराचे नकाशे चौकटीच्या कागदावर काढायचे. बाहेर कमरेएवढा बर्फ साचलेला असायचा आणि तो उपसायला वर आम्ही बायका.

लाइलने आपल्या सहा जणांना घरच्यांची नावं दिली होती. पुढे स्वतः लाइल, तलवारवाला. त्याच्या बाजूला त्याचा जिवलग मित्र डुआन आणि लाइलचे वारलेले वडील. मागे डार्ला, जखमा बऱ्या करणारी, त्यांची मुलगी क्रिस्टिन, जादूवाली, आणि मी. मला त्याने चोर केलं. मी शाळेची बस चालवायचे, उभ्या जन्मात कुणाची टाचणी उचलली नाही. पण मेहुण्याच्या मनात आपली काय किंमत आहे ते असं कळतं.

आता तो नियम. या गेममध्ये कुणी मेला की मशीन लगेच ते फ्लॉपीवर लिहून टाकतं. लाल दिवा लागतो, घरघर होते, आणि माणूस कायमचा गेला. पण दिवा लागायच्या आत मशीन बंद केलं, तर ते मरण लिहिलंच जात नाही. पुन्हा सुरू केलं की मेलेला ठणठणीत उभा. सगळे हेच करायचे. कबूल कुणी करायचं नाही, पण प्रत्येकाचा हात स्विचवरच असायचा. लाइल मात्र नाही. त्याच्या मते ही लबाडी होती, आणि जो खेळात लबाडी करतो तो बाहेरही करतो.

एका गुरुवारी डुआनने स्वतःच्या फ्लॉपीवर खेळताना स्विच दाबला आणि लाइलने ते पाहिलं. डुआन म्हणजे लाइलच्या लग्नात त्याच्या शेजारी अंगठी घेऊन उभा राहिलेला माणूस. लाइलने त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं, कोट हातात दिला आणि वर जाणाऱ्या पायऱ्या दाखवल्या. त्यानंतर एकाच गावात, एकाच किराणा दुकानात रांगेत पुढेमागे उभे राहूनही दोघं तीस वर्षं बोलले नाहीत. गेममधलाही डुआन त्याने पुसून टाकला आणि त्या जागी घरच्या कुत्र्याचं नाव घातलं. कुत्र्याला ढाल शोभत होती म्हणे.

एवढा प्रामाणिक गडी, तर गेम कधी संपवला असेल? कधीच नाही. शेवटच्या मजल्याच्या वरच्या मजल्यावर तो वर्षानुवर्षं तेच ते राक्षस मारत बसला. अजून तयारी झाली नाही, म्हणायचा. मुलगी शाळेतून कॉलेजात गेली, लग्न होऊन ॲरिझोनात गेली, तिला मुलं झाली, आणि याची तयारी चालूच. पण यामुळेच तो मोठा माणूस झाला. तरुण दाढीवाली पोरं दुरून गाडी चालवत त्याला बघायला यायची. गेल्या पिढीत एकही मरण न पुसलेली ही एकमेव फ्लॉपी, असं ती एकमेकांना सांगायची, आणि लाइल मान खाली घालून लाजल्याचं नाटक करायचा. लाजणं त्याला कधीच जमलं नाही.

गेल्या हिवाळ्यात डार्ला अंगणातल्या बर्फावर घसरली आणि मनगट मोडून घेतलं. तिचे गुडघे आधीच गेलेले, शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून राहून. क्रिस्टिनने तिकडे आईबापांसाठी खोली बांधून ठेवली होती. डार्लाला जायचं होतं, पण नवऱ्याला सोडून नाही. लाइलचं एकच उत्तर, गेम संपला की निघू. मशीन घेऊन चल म्हटलं तर म्हणे, तिकडची उष्णता मशीनला सोसणार नाही. खरं कारण मला ठाऊक होतं. ॲरिझोनात त्याला कुत्रं विचारणार नव्हतं.

शेवटी डार्लाने त्याला पकडला. वसंतात आमच्या चर्चच्या हॉलमध्ये जुन्या गेमवाल्यांचा मेळावा भरतो, तिथे सर्वांसमोर खाली उतरायचं. जिंकलास तर गेम संपला, सहाही मेले तरी संपला. दोन्हीकडून आपण निघालो. लाइलने शब्द दिला. डार्लाने नोकरी सोडली, थाळ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, घर बघायला माणसं बोलावली. मी विचारलं, तुला खरंच वाटतं का हा येईल. ती म्हणाली, त्याने शब्द दिलाय, आणि तो काही का असेना, खोटं बोलत नाही.

मेळावा शनिवारी दुपारी होता. पन्नाशीची माणसं झगे आणि शिंगं घालून आलेली. दोघं जण कुठल्या कंपनीने कुठला गेम नासवला यावरून हमरीतुमरीवर आले होते. त्यातल्या एकाच्या हातात सॉसेज होतं आणि तो ते तलवारीसारखं रोखून बोलत होता. डार्लाने लिंबाच्या वड्या आणि बटाट्याचं सॅलड केलं होतं. डुआनलाही तिनेच बोलावलं. जाण्यापूर्वी दोघांचं मिटावं, एवढीच तिची इच्छा. तो अगदी मागच्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन बसला.

लाइल माइक लावून मशीनसमोर बसला. मागे मोठ्या पडद्यावर हिरव्या रेघा. आधी त्याने नियमावर भाषण दिलं, आणि मग उतरला.

जादूगाराने पहिल्याच फटक्यात कुत्रा मारला. लाल दिवा, घरघर. मग मी मेले. लोक हसले, माझ्या शेजारच्या बाईने माझा हात थोपटला. मग लाइलचे वडील, आणि मग क्रिस्टिन. प्रत्येक वेळी दिवा लागला, आणि प्रत्येक वेळी लाइल माइकमध्ये गंभीरपणे म्हणाला की नियम म्हणजे नियम. टाळ्या पडत होत्या. पोटची पोर मेल्यावर टाळ्या घेणारा बाप मी पहिल्यांदाच पाहिला.

आता डार्ला आणि लाइल उरले. डार्लाची जखम वाढत चालली होती, हे आकडे माझ्यासारख्या बाईलाही दिसत होते. ती स्वतःला बरी करू शकत होती. पण लाइल दर पाळीला तिच्याकडून स्वतःचीच जखम भरून घेत होता. पुढच्या रांगेत खरी डार्ला मोडकं मनगट मांडीवर ठेवून बघत होती. तिसऱ्या पाळीला पडद्यावरची डार्ला पडली. लाल दिवा लागला.

“नियम म्हणजे नियम,” लाइल म्हणाला, आणि दाढीवाली पोरं उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

पुढच्याच पाळीला लाइल पडला. पडद्यावर तो मेल्याची ओळ उमटली मात्र, त्याचा हात मशीनच्या मागे गेला. पडदा काळा झाला. लाल दिवा लागलाच नाही.

मग लाइल म्हणाला की वीज गेली. डोक्यावर सगळे दिवे जळत होते, कॉफीचं भांडं खदखदत होतं. मागे डुआन उठला. मला वाटलं आता हा तीस वर्षांचं उट्टं काढणार. त्याने नुसती टोपी डोक्यावर घातली आणि बाहेर गेला. त्याच्या जागी मी असते तर काय काय बोलले असते, ते चर्चच्या हॉलमध्ये सांगण्यासारखं नाही.

डार्ला उठून टेबलापाशी गेली. माइक चालूच होता, त्यामुळे सगळ्या हॉलने ऐकलं.

“मी पडले तेव्हा तुझा हात का नाही गेला रे मागे?”

लाइलने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायची एवढी चांगली वेळ त्याच्यावर पुन्हा येणार नव्हती, आणि नेमका तेव्हाच तो गाढव खरं बोलला.

“तुझं वेगळं असतं, डार्ला,” तो म्हणाला. “जखमा बऱ्या करणारी गेममधल्या सरायमध्ये जाऊन नवी बनवता येते. दोन मिनिटांचं काम. माझ्यावर मी तीस वर्षं घालवलीत.”

“मग बनव,” डार्ला म्हणाली.

तिने खुर्चीवरचा कोट एका हाताने घ्यायचा प्रयत्न केला; मी तो तिच्या खांद्यावर घातला. सॅलडचं भांडं तिने तसंच टेबलावर सोडलं. माझी बहीण, भांडं विसरणारी नव्हे. दाढीवाल्यांनी वाट करून दिली, एकाने तर शिंगं काढून हातात धरली. घरी जाऊन तिची बॅग घ्यायची आणि आजच क्रिस्टिनला फोन करायचा, एवढंच ती मला चालता चालता म्हणाली.

आम्ही दारापर्यंत पोचलो होतो. मला वाटलं लाइल हाक मारेल. मागून मशीन सुरू झाल्याची घरघर ऐकू आली.