डब्यातल्या शेंगा

आईला डबा सुरू करायचा अर्ज मीच भरला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जशी वागले त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फुटायला नको.

आई उंब्रजजवळच्या आमच्या गावात एकटी राहते. वडील गेले, भाऊ फौजेत, आणि मी लग्न होऊन सांगलीला, शाळेत शिकवते. आईला एकदा सांगलीला आणून बघितलं. चौथ्या दिवशी ती पिशवी भरून दारात बसली. मग दर रविवारी एसटीने कराड आणि तिथून दुसऱ्या गाडीने गाव, असा माझा नेम सुरू झाला. सोबत तीन डबे: भाजी, आमटी आणि दशम्या. ते तिने दोन-तीन दिवस पुरवून खायचे आणि बाकीचे दिवस स्वतः काहीतरी शिजवायचं. गेल्या वर्षी ती चुलीपुढून उठताना पडली, मनगट मोडलं, आणि कुणीतरी मला एका संस्थेचं नाव सुचवलं.

संस्था छोटी आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज एक वेळचा ताजा डबा देते. स्वयंपाक बचत गटाच्या बायका करतात, त्यासाठी ग्रामपंचायतीने एक जुनी खोली दिली आहे. कुणाला मीठ कमी, कुणाला गोड बंद, याची यादी उपकेंद्रातल्या सिस्टर देतात. वस्तीवरचे डबे डेअरीच्या दुधाच्या गाडीतून जातात. आणि डाळ सांगलीच्या पेठेतला एक व्यापारी पाठवतो. म्हणजे माझ्याच सांगलीतली डाळ माझ्याच आईच्या पोटात जाते, फक्त माझ्या हातची नसते.

आमच्या गल्लीत डबा आणणारी बाई चाळिशीची. अकराच्या सुमारास येते, ताजा डबा ठेवते, आदल्या दिवशीचा घेऊन जाते. एवढंच तिचं काम. पण ती कट्ट्यावर बसते, आईच्या केसांचा गुंता काढते, आणि आईला 'आये' म्हणते. माझ्या आईला आये म्हणणारी ही कोण? मी फोन केला की आई तिच्याबद्दलच बोलायची. तिचा गुडघा दुखतो, तिची मुलगी नर्सिंगला लागली, तिच्या शेळीला दोन करडं झाली. माझ्या मुलाची बारावी होती त्या वर्षी, ते आईने एकदाही विचारलं नाही. एकदा मी आमटी कशी झाली होती म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुझी चांगली असती गं. पर तिची गरम असती." मी फोन ठेवला आणि त्या दिवशी घरात सगळ्यांवर डाफरले.

सगळ्यात जास्त पोटात दुखायचं ते परत जाणाऱ्या डब्यामुळे. आमच्याकडे दुसऱ्या घरून आलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. आई संस्थेचा डबा कधी रिकामा द्यायची नाही. घरामागच्या परड्यातला कढीपत्ता, दोन लिंबं, शेवग्याची फुलं, नवरात्रात तर कडकण्यासुद्धा. आणि माझे तीन डबे? घासून, पुसून, फडक्यात बांधून, रिकामे. दर रविवारी. मी ते घेऊन गाडीत बसायची आणि कराड येईपर्यंत धुमसत राहायची.

त्या रविवारी मी पोचले तेव्हा आई परड्यात कपडे वाळत घालत होती. कट्ट्यावर संस्थेचा डबा तयार होता. मी उघडला. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, वरपर्यंत भरलेल्या, एकसारख्या निवडलेल्या. त्या मोडक्या मनगटाने तिने त्या भाजल्या होत्या, आणि त्या बाईसाठी. माझं डोकंच फिरलं. मी सगळ्या शेंगा माझ्या पिशवीत ओतल्या आणि झाकण लावून डबा होता तिथे ठेवला. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, शाळेत मुलांना चोरी करू नये म्हणून सांगणारी मी.

तेवढ्यात ती बाई आली. मी दारातच उभी राहिले, तिच्या हातातून डबा घेतला आणि रिकामा तिच्या हातात दिला.

"आये कुठाय?" तिने विचारलं.

"झोपलीय."

"आत्ता? अकराला?"

"झोपू दे जरा," मी म्हटलं आणि दार लोटलं. ती पायरीवर थोडी घुटमळली, मग गेली. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं अर्धा तास टिकलं.

आई जेवायला बसली होती. बाहेर स्कूटर थांबली आणि ती बाई धावतच आत आली. मागे उपकेंद्रातल्या सिस्टर, हातात बीपीचं मशीन. सिस्टरांचं डोकं अर्धं विंचरलेलं होतं. रविवार होता, घरून उठून आल्या होत्या.

"आये, बरी हायस न्हवं?" बाई आईच्या पुढ्यात बसली आणि तिने आईचा हात धरला. "डबा रिकामा आला. आन ताई म्हनल्या झोपलीय."

तेव्हा मला कळलं. संस्थेने कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण त्या खोलीत डबे घासणाऱ्या बायकांनी हे आपसात ठरवून टाकलं आहे. गावातली म्हातारी बाई भांडं रिकामं पाठवत नाही. रिकामं आलं, तर तिला परड्यापर्यंत चालवलं नाही, नाहीतर तिला काही सुचत नाही. लगेच जाऊन बघायचं. मागे एकीला असंच वेळेवर कराडच्या दवाखान्यात हलवलं होतं, हे सिस्टरांनी आईच्या दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता सांगितलं.

"म्या शेंगा घातल्या हुत्या की," आई म्हणाली. "डबा भरून."

माझी पिशवी भिंतीला टेकून होती, फुगलेली. बाईची नजर तिच्यावर गेली आणि पटकन परत आली.

"मग वाटंत सांडल्या असतील," ती म्हणाली. "झाकण ढिलं झालंय त्या डब्याचं."

त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्याकडे हा मोठेपणाही होता, म्हणून मला तिचा आणखीच राग आला.

त्या दोघी गेल्यावर आईने मी आणलेलं तिच्या भांड्यांत काढलं आणि ती माझे डबे घासायला बसली. मला राहवलं नाही. "आई, माझ्या डब्यात तू कधी काय घालत नाहीस."

तिने हात थांबवला नाही. "तू थांबतीस कुठं? आल्यापास्नं घड्याळाकडं बघत असतीस. डबं घासून हुईस्तवर चपला घालून उभी. मला परड्यात जाऊन यायला येळ लागतो आता. ती बसती."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या बाईकडे एक डबा एकदा रिकामा आला, तर ती अर्ध्या तासात सिस्टरला घेऊन धावत आली. माझ्याकडे वर्षभर रिकामे डबे येत होते. मी ते मांडीवर घेऊन रुसून बसले होते. आईला आता परड्यापर्यंत जायला वेळ लागतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

तीनची गाडी मी जाऊ दिली. आई काठी घेऊन मागे गेली. मी चुलीपाशी बसून राहिले. काठीचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. एवढा वेळ लागतो. मी उठून मदतीला गेले नाही, कारण गेले असते तर ते मीच मागून घेतल्यासारखं झालं असतं. ती आली, पदरातून दोन लिंबं काढली आणि माझ्या आमटीच्या डब्यात ठेवली. मला रडू यायला लागलं.

"आन त्या पिशवीतल्या शेंगा तिच्या हायत," आई फडक्याची गाठ मारत म्हणाली. "यस्टीला जाताना दिऊन जा."

स्वयंपाकाच्या खोलीवर ती बाई उद्याची मेथी निवडत बसली होती. मी शेंगा तिच्यापुढे ठेवल्या. "वाटेत सांडल्या होत्या," मी म्हटलं.

"सापडल्या व्हय," ती म्हणाली आणि पोत्यावर जरा सरकली. "बसा की."

मला बसायचं नव्हतं. पुढच्या गाडीला अजून तास होता. मी बसले, एक जुडी पुढ्यात ओढली आणि तिच्यापेक्षा भरभर निवडायला लागले.