फणसाचं पुलपीट

आमच्या गावातल्या चर्चच्या वर्धापनदिनाला इतिहास लिहायचं काम पाद्रीसाहेबांनी माझ्यावर सोपवलं, कारण घरातल्या जुन्या गोष्टी मी कोणी न विचारताही सांगत असतो. चर्च बांधलं तेव्हा प्रत्येक घराने एक झाड दिलं होतं. काकांच्या फणसाचं पुलपीट झालं, म्हणजे पाद्रीसाहेब ज्यामागे उभे राहून उपदेश करतात तो उंच लाकडी मंच. आमच्या आंब्याचा झाला दाराजवळचा शेवटचा बाक, आणि तोही आता भुंग्याने पोखरलाय. दर रविवारी त्या बाकावर बसून मी ते पिवळंधमक पुलपीट बघतो आणि उपदेशातलं अर्धं काही माझ्या कानात शिरत नाही.

इतिहासात मी पुलपिटाला एक ओळ दिली आणि बाकाला अख्खं पान. उपासनेनंतर पुलपिटामागे उभा राहून मोठ्या आवाजात वाचलं, "आमच्या वडिलांनी प्रेमाने आंब्याचं झाड अर्पण केलं."

पुढच्या रांगेतून चुलतवहिनी म्हणाल्या, "भावोजी, फळ न धरणारं झाड, हेही लिहा की! आमच्या मामंजींनी धरता फणस तोडला, त्या वर्षी आम्ही गरे तुमच्याकडून मागून खाल्ले."

मंडळी हसली. खरं होतं ते. आमचा धरता फणस वडिलांनी परसात राखला होता, आणि त्याचे गरे मीच सर्वात जास्त खाल्लेत.

"लिहितो, वहिनी," म्हणालो. कागद पुलपिटावरच टेकवून 'आंब्याचं' या शब्दाआधी 'न धरणारं' घातलं. इतक्या वर्षांनंतरही लाकूड कसं गुळगुळीत, पेन कुठे अडकलं नाही. पुन्हा जळफळाट झाला.