राक्षसाचं शेवटचं वाक्य

मोर्चा पांगल्यावर बसलेला घसा घेऊन परळला चाळीत परतलो, तर जिन्यातच शेजारच्या काकूंनी सांगितलं, "मास्तर गेले हो..." मी तिथेच पायरीवर बसलो. रघू मास्तर, शाळेत इंग्रजी शिकवणारा माझा लहानपणापासूनचा मित्र, क्षयाने गेला. महिना होऊन गेला, पण असा मधेच निघून गेला म्हणून त्याच्यावरचा माझा राग काही जात नाही.

मरायच्या आधी रघूला इंग्रजीत एक राक्षस-राजकन्येची गोष्ट छापून आणायची होती. 'मरायच्या आधी' हे शब्द त्याचेच, तोंडावर म्हणायचा. सगळी चाळ मराठी राज्यासाठी लाठ्या खात असताना ह्याचा राक्षस इंग्रजी बोलणार, म्हणून आम्ही त्याला कमी छळलं नाही. "मोर्चात मी मराठीतच ओरडतो ना? मग घरात राक्षसाला तरी सोडा," म्हणायचा. पण एका संपादकाने गोष्ट परत पाठवली, 'तुमची पात्रं रजेचा अर्ज लिहिल्यासारखी बोलतात' म्हणून. ते त्याला फार लागलं.

मग त्याने नवीच तऱ्हा काढली. गणपतीतल्या नाटकात राक्षस मीच व्हायचो, देहच तसा. रघू मला खोलीत उभं करायचा, संवाद आधी मराठीत म्हणायला लावायचा, तसं वागायला लावायचा आणि माझ्या पायांकडे बघत इंग्रजी क्रियापद शोधायचा. 'रन' तेच, पण पुढे 'टू'च्या जागी 'ॲट' आला की भेटीचा हल्ला होतो, हे मला त्याच्या खाटेभोवती पळताना कळलं. त्याची बायको, आमच्या वहिनी, चुलीपाशी बसून सगळं बघायच्या.

शेवटच्या भेटीत एकच वाक्य उरलं होतं. राक्षस राजकन्येला सोडून कायमचा निघतो, तेव्हाचं.

"दाम्या, जा बघू."

मी उंबरठा ओलांडला.

"नाही रे, परत ये. सुटल्यासारखा काय जातोस? तुला जाववत नाहीये!"

पुन्हा गेलो. पुन्हा नाही. मग खोकल्याची उबळ आली, रुमाल लाल झाला. वहिनी कळवळल्या, "पुरे करा हो! जाऊ दे तो राक्षस मसणात!"

रघू हसला. "तोच तर जात नाहीये..."

वाक्य राहिलंच. परवा वहिनींना भेटायला गेलो. खाट काढून टाकलेली, भिंतीवर ती टेकायची तिथला डाग तेवढा होता. निघताना उंबरठ्याशी थांबलो, त्याची हाक येईल म्हणून. पाय उचलेचना. मागे पाहिलं, तर वहिनी माझ्या पायांकडे बघत होत्या.

"आता बरोबर जाताय, भावजी," त्या म्हणाल्या.

आणि ते लिहून घ्यायला कोणी नव्हतं.