जामीनदाराचे खरे नाव

निवृत्तीनंतर मी विष्णुपुरीला घर केले. दुपारी धरणावरचा वारा आला की डोळा लागतो, आणि लातूरच्या नेमणुकीतले ते प्रकरण हमखास समोर येते.

ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली एक बाई बसलेली दिसते. तिच्या लेकीला सासरी जिवे मारल्याचा गुन्हा जावयावर होता. तो जामिनावर सुटला आणि पसार झाला. बाई सारखी यायची. भांडायची नाही, रडायची नाही. "जावई घावला का?" एवढेच विचारायची.

आम्ही त्याच्या जामीनदाराला गाठायला गेलो. कागदावर तो औशाकडचा मराठा शेतकरी होता. त्या नावाचा माणूस गावात भेटला खरा, पण त्याने कोर्टाची पायरीही चढलेली नव्हती. मग त्याच्या नावाने उभा राहिला तो कोण? जामिनाच्या कागदावरचा फोटो कोर्टातली कामे बघणाऱ्या आमच्या पैरवी हवालदाराने ओळखला. तो नांदेडहून बदलून आला होता. म्हणाला, हा इसम तिकडच्या कोर्टात वेगळ्याच नावाने जामीन राहिला होता, जामीन करून देणारा वकील मात्र तिकडेही जावयाचाच होता.

कोर्टाच्या आवारातच तो इसम सापडला. साठीचा, गरीब चेहऱ्याचा. सकाळभर चौकशी केली, पण पढवलेले नाव-गाव तो न अडखळता सांगत राहिला. मला चीड आली होती. तरी जेवणाची वेळ झाली म्हणून त्याच्यासाठी ताट मागवले.

त्याने हात धुतले, सदऱ्याआडून गळ्यातली चांदीची डबी काढली, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतले आणि डोळे मिटले. जुना लिंगायत माणूस लिंगपूजेशिवाय तोंडात घास घालत नाही. बिचाऱ्याने नाव बदलले, पण भूक लागल्यावर हात आपल्या वळणावर गेला.  

त्याने डोळे उघडल्यावर मी हळूच विचारले, "मामा, नाव काय तुमचं?"

"हे हातात हाय तवर खोटं न्हाई निघत, साहेब," तो म्हणाला. "वकीलसायबांनीच दुसरं नाव दिलं, त्येंनीच पढवलं. त्यो आरोपी पळून जाईल, हे मला काय मालूम?"

वकीलसाहेब मोठे गोडबोले. पण दोन्ही कोर्टांतले पुरावे जुळले, खटला उभा राहिला आणि त्यांना शिक्षा झाली. वकिलांच्या शिस्तपालन समितीपुढे त्यांनी सांगितले की झाले ते व्यक्तिगत होते, वकिलीशी त्याचा संबंध नाही. समितीने ते मानले नाही आणि सनद रद्द केली. मला मनापासून बरे वाटले. त्या काळ्या कोटावर विश्वास ठेवूनच कोर्टाने जामीनदार स्वीकारला होता. नोकरीत चोर-दरोडेखोर पुष्कळ पाहिले, पण विश्वासाच्या जागेवर बसून खोटे वागणाऱ्याने केलेले नुकसान मला कधी भरून काढता आले नाही.

बातमी सांगायला मी स्वतः त्या बाईकडे गेलो. तिने सगळे ऐकून घेतले. "लई चांगलं केलं, साहेब," म्हणाली. आणि मग, "आन् जावई?"

तो आजतागायत सापडलेला नाही. दुपारच्या झोपेत ती कडुलिंबाखालून अजून तेच विचारते, आणि मी उत्तर द्यायच्या आत मला जाग येते.