झिपरीची बहीण

माझी मावशी दातांच्या कवळ्या बनवायची. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तिथे खिडकीशी स्टूल ओढून ती दिवसभर बसे. फळीवर प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेले, समोर गुलाबी मेण आणि हातात बारीक कानस. रस्त्यात एखादे आजोबा तोंड भरून हसले की ती मला कोपराने ढोसायची. "बघ, माझं हसू चाललंय."

तिने लग्न केलं नाही. आई गेल्यावर मी तिच्याकडेच राहायला आले. जगातल्या कुठल्याही विषयावर तिच्या तोंडाचा पट्टा सुरू असे, फक्त एक विषय सोडून. तिला आणि माझ्या आईला एक थोरली बहीण होती. दोघी तिला ताई म्हणायच्या. ती तरुणपणीच बुडून गेली, एवढंच मला ठाऊक होतं. आजोबांनी त्यानंतर घरात तिचा विषय काढू दिला नाही आणि पुढे ती सवयच पडून गेली.

एका रविवारी चहा पिता पिता मी सहज म्हटलं, "आमच्या ऑफिसातल्या मुली गावाबाहेरच्या तळ्यावर जाऊन आल्या. तिथे म्हणे झिपरी नावाचं भूत आहे. एक गाईड तळ्याभोवती फिरवतो आणि गोष्टी सांगतो. जायचं का आपण?"

मला वाटलं, ती मला वेड्यात काढेल. तिने कप खाली ठेवला.

"त्या तळ्यात बुडालेली एकच मुलगी मला माहीत आहे," ती म्हणाली. "जाऊ या. ताईला भेटून येऊ."

मी विषय बदलायला गेले, पण तोवर ती साडी बदलायला उठलीसुद्धा होती.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. काठावर पंधरा-वीस माणसं जमली होती. गाईड म्हणजे निवृत्त झालेले एक बस कंडक्टर. आवाज खणखणीत, आणि दर दोन वाक्यांनंतर "पुढे सरका, पुढे सरका" चालूच. पाण्याकडे हात करून ते सांगू लागले, "लग्न ठरलेली पोर. ज्याच्यावर जीव टाकला त्यानेच दगा दिला. हिने सरळ पाण्यात उडी घेतली. गुडघ्यापर्यंत केस! अजून या दगडावर केस सोडून बसते, हुंदके देऊन रडते आणि तरणी पोरं दिसली की पाय धरून आत ओढते."

"रडते?" मावशी मोठ्याने म्हणाली. "कोण, ती?"

सगळे वळून बघायला लागले. मी तिचा हात दाबला, पण ती थांबणार थोडीच!

"अहो, तिला रडताना मी कधी पाहिलंच नाही. जेवताना हसायची, मार खातानाही हसायची. आणि केस कुठले गुडघ्यापर्यंत? उवा झाल्या होत्या आम्हा दोघींना. मीच कापले होते तिचे, कानाच्या वर, तेही वाकडेतिकडे. मैत्रिणींबरोबर नावेत बसली होती. उभी राहून आमच्या बाबांची नक्कल करायला लागली, ते ओरडतात कसे, बोट नाचवतात कसे. नाव कलंडली. बाकीच्यांना पोहता येत होतं."

एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं. कंडक्टरांनी डोक्यावरची टोपी काढली.

"बाई, माझं चुकलं," ते म्हणाले. "माझ्या आधीचा माणूस जे सांगायचा तेच मी सांगत आलो. ती खरोखरची कुणाची तरी असेल, हे डोक्यातच आलं नाही."

"चुकलं कसलं? आमच्या घरात इतकी वर्षं तिचं नाव निघालं नाही. तुम्ही निदान रोज आठवण तरी काढता." मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "दिसते का हो कधी?"

ते ओशाळले. "खोटं कशाला बोलू? एकदाही नाही. पण सगळे गेल्यावर निघताना मी 'येतो गं' म्हणतो. न म्हणता पाय निघत नाही."

मावशीने चष्मा काढून पदराने पुसला, तो बराच वेळ पुसत राहिली. मग एकदम म्हणाली, "केस लांबच राहू द्या. तिला आवडले असते. पण ते रडणं काढा. आणि पोरांचे पाय ओढणं तर मुळीच नको. पोरांकडे ती ढुंकून बघायची नाही."

"काढलं," कंडक्टर म्हणाले.

"आणि वरची कवळी सैल झालीय तुमची. 'सरका' म्हणताना शिट्टी वाजते. उद्या दवाखान्यात या."

लोक हसले आणि कंडक्टर सगळ्यांत जास्त हसले, एका हाताने कवळी सांभाळत.

मंडळी पुढे गेली. मावशी मात्र काठावरच्या दगडावर बसली. मी जरा लांब उभी होते, तरी तिचं बोलणं कानावर येत होतं. घरात कुणी उशिरा आलं की ज्या सुरात ती बोलते, त्याच सुरात ती पाण्याशी भांडत होती. "माझा नवा स्वेटर घालून गेलीस, तोही न विचारता. मी एकदासुद्धा घातला नव्हता. दारात बसून ठरवत होते, आली की काय काय बोलायचं." मी जाऊन शेजारी बसले. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली, अगदी धाकट्या बहिणीसारखी.

परतीच्या बसमध्ये तिला बोलायला वेळ पुरेना. ताई गणितात कशी नापास झाली, शिक्षिकेच्या छत्रीत तिने काय लपवलं, माझ्या आईला तिने सायकल कशी शिकवली आणि कुठे पाडली. ऐकता ऐकता आमचा थांबा मागे गेला. पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही चालत निघालो. माझे पाय दुखत होते, पण मी रिक्षाला हात केला नाही. रिक्षात घर लगेच आलं असतं.